क्लास किती ओळींचा असावा? आकार आणि बग यांचं खरं नातं

प्रश्न थोडक्यात असा आहे: जावा या प्रोग्रामिंग भाषेतल्या एका मोठ्या प्रकल्पात 'कोणताही क्लास २०० ओळींपेक्षा मोठा नको' असा नियम बिल्डमध्येच, म्हणजे कोडपासून प्रोग्राम तयार करणाऱ्या स्वयंचलित प्रक्रियेतच, घालायचा विचार चालू आहे. (क्लास म्हणजे डेटाची फील्ड आणि त्यांवर काम करणाऱ्या मेथडी एकत्र बांधणारा कोडचा घटक.) लहान क्लासमध्ये बग कमी असतात, हे त्यामागचं कारण. पण जुने अभ्यास पाहिले तर लहान मॉड्यूलमध्ये (कोडच्या स्वतंत्र तुकड्यांत) हजार ओळींमागे बग उलट जास्त दिसतात. मग खरं काय, आणि हा नियम लावावा का?

आधी उत्तर, मग कारणं. मोठ्या क्लासमध्ये एकूण बग जास्त सापडतात, आणि हे जवळपास प्रत्येक प्रकल्पात दिसतं. हजार ओळींमागे बग किती, म्हणजे दोषघनता, ही वेगळी गोष्ट आहे. तिचा आलेख बराचसा भागाकारामुळे तयार होतो. सर्वांत कमी बग देणारा 'आदर्श आकार' अस्तित्वात असल्याचा भक्कम पुरावा नाही. आणि मोठा क्लास फोडला म्हणून बग आपोआप कमी होत नाहीत. कुठून फोडला यावर ते ठरतं. त्यामुळे २०० ओळींचा नियम बिल्ड तोडण्यासाठी वापरू नये. रिव्ह्यूमध्ये, म्हणजे सहकारी कोड तपासतात तेव्हा, 'इथे थांबून बघा' असं सांगणारी खूण म्हणून तो ठीक आहे.

हे आकडे आले कुठून

१९७१ मध्ये अकियामा यांनी दिलेलं समीकरण या विषयातल्या सर्वांत जुन्या समीकरणांपैकी आहे: दोष = ४.८६ + ०.०१८ × ओळी. म्हणजे हजार ओळींच्या मॉड्यूलमध्ये साधारण २३ दोष. १९८४ मध्ये गॅफ्नी यांनी त्याला थोडं वळण दिलं: दोष = ४.२ + ०.००१५ × (ओळी)^(४/३). या समीकरणातून त्यांनी मॉड्यूलचा उत्तम आकार ८७७ ओळी काढला. त्याच वर्षी बॅसिली आणि पेरिकोन यांनी फोरट्रानमधल्या एका प्रकल्पाची आकडेवारी मांडली. तिथे लहान मॉड्यूलमध्ये दोषघनता जास्त निघाली. १९९० मध्ये कॉम्प्टन आणि विथ्रो यांनी एडासाठी ८३ सोर्स स्टेटमेंट हा आकडा दिला. १९९७ मध्ये हॅटन यांनी २०० ते ४०० ओळींचा पट्टा सर्वांत चांगला असल्याचं मांडलं आणि त्याचं कारण माणसाच्या अल्पकालीन स्मरणशक्तीच्या मर्यादेत शोधलं. 'दोनशे ओळी' हा आकडा पुढे अशाच लेखनातून पसरला असावा.

८३, २००, ४००, ८७७. एकाच प्रश्नाची इतकी वेगळी उत्तरं येतात तेव्हा आकड्यांकडे नाही, ते काढायच्या पद्धतीकडे बघायला हवं.

गॅफ्नींचंच समीकरण घ्या. दोषघनता काढायला दोन्ही बाजूंना ओळींनी भागा. पहिलं पद होतं ४.२ भागिले ओळी. ते आकार वाढला की झपाट्याने उतरतं. दुसरं पद आकारासोबत हळूहळू चढतं. एक उतरणारं आणि एक चढणारं पद बेरजेत आलं की मध्ये कुठेतरी तळ येणारच. तो ८७७ वर येतो. आता त्या ४.२ चा अर्थ बघा: शून्य ओळींच्या मॉड्यूलमध्येही ४.२ दोष आहेत असं समीकरण म्हणतं. तो स्थिरांक म्हणजे बिंदूंमधून रेषा ओढताना उरलेली संख्या आहे. आणि उत्तम आकार बराचसा त्याच्यावरच अवलंबून आहे. शिवाय तळ किती उथळ आहे तेही पाहा. ४०० ओळींना हजारी घनता साधारण २१.५ येते, ८७७ ला १९.२ आणि २००० ला २१. आकार पाचपट होऊनही घनतेत फरक नगण्य. खडा उतार आहे तो फक्त डाव्या टोकाला: १०० ओळींना घनता जवळपास ४९. आणि तो उतार त्या ४.२ मुळेच आहे.

भागाकार काय करतो

समजा आकाराचा आणि दोषांचा काहीही संबंध नाही. प्रत्येक क्लासमध्ये नेमके २ दोष आहेत. मग ५० ओळींच्या क्लासची हजारी घनता ४०, १०० ओळींच्या क्लासची २०, २०० ची १०, ४०० ची ५ आणि १००० ची २. कागदावर सुंदर उतरता आलेख मिळतो आणि 'मोठा क्लास अधिक सुरक्षित' असा निष्कर्ष निघतो, मूळ आकडेवारीत तसं काहीही नसताना. एखादी राशी उभ्या अक्षावर भाजक म्हणून आणि तीच आडव्या अक्षावर मांडली तर हे होतंच. रोझेनबर्ग यांनी १९९७ मध्ये हा मुद्दा मांडला. म्हणून घनता विरुद्ध आकार हा आलेख निर्णयासाठी वापरू नका. दोषसंख्या विरुद्ध आकार हा आलेख काढा. तिथे ही फसगत होत नाही.

दुसरी चूक याहून जास्त दिसते आणि बग ट्रॅकरवरून आकडे काढणाऱ्या जवळपास प्रत्येक टीमला ती भोवू शकते: फक्त बग सापडलेले क्लास यादीत येतात, शून्य बगचे क्लास गळतात. उदाहरण घेऊ. ३० ओळींचे १०० क्लास आहेत, त्यांतल्या ६ मध्ये प्रत्येकी एक बग. खरी घनता ३००० ओळींना ६, म्हणजे हजारी २. पण फक्त ते ६ क्लास धरले तर १८० ओळींना ६, म्हणजे हजारी ३३. दुसरीकडे १००० ओळींचे १० क्लास, त्यांतल्या ९ मध्ये मिळून २५ बग. खरी घनता हजारी २.५, फक्त बगवाले धरले तर २.८. खऱ्या हिशेबात लहान क्लास किंचित चांगले आहेत. गाळलेल्या यादीत तेच बारापट वाईट दिसतात. एकच प्रकल्प, तेच बग, आणि निष्कर्ष पूर्ण उलटा.

तिसरी गोष्ट म्हणजे निव्वळ योगायोगाचा खेळ. २० ओळींच्या क्लासमध्ये एक बग निघाला की हजारी घनता थेट ५०. नाही निघाला तर शून्य. मधलं काही शक्यच नाही. त्यामुळे 'सर्वांत वाईट घनतेचे दहा क्लास' अशी यादी काढली की त्यात नेहमी लहानच क्लास वर येतात. आणि 'सर्वांत स्वच्छ' यादीतही लहानच. दोन्ही याद्या निरुपयोगी.

हे सगळं बाजूला केल्यावरही लहान क्लासमध्ये घनता थोडी जास्त राहू शकते, आणि त्याला खरी कारणं आहेत. प्रत्येक क्लाससोबत काही ठरावीक बोजा येतो: कन्स्ट्रक्टरमधली (ऑब्जेक्ट तयार होतानाची) अवस्था, नल म्हणजे रिकाम्या संदर्भाची हाताळणी, दोन ऑब्जेक्ट समान आहेत का ते ठरवणारी मेथड, बाहेरच्यांशी केलेला करार. हा बोजा ओळींच्या प्रमाणात वाढत नाही. बॅसिली आणि पेरिकोन यांनीही इंटरफेसवरच्या चुका मॉड्यूलच्या आकाराकडे न बघता सगळीकडे सारख्या पसरतात, असं एक कारण सुचवलं होतं. त्यांचं आणखी एक कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं: मोठ्या मॉड्यूलमधल्या चुका अजून सापडलेल्याच नसतील. हजार ओळींच्या क्लासमध्ये टेस्टनी न गाठलेल्या शाखा जास्त असतात. कमी सापडलेले बग म्हणजे कमी असलेले बग नव्हेत.

ऑब्जेक्ट-ओरिएंटेड कोडमध्ये आकार म्हणजे काय

वरचे बरेचसे आकडे फोरट्रान, असेंब्ली, एडा यांच्या मॉड्यूलचे आहेत. ते जसेच्या तसे जावा किंवा सी प्लस प्लसच्या क्लासला लावता येत नाहीत, कारण इथे क्लासचं वागणं त्याच्या स्वतःच्या ओळींत मावत नाही. ८० ओळींचा सबक्लास ९०० ओळींच्या पालक क्लासमधून वागणूक घेत असेल तर त्याचा आकार ८० म्हणायचा की ९८०? वाचणाऱ्याला समजून घ्यायला ९८० लागतात. मोजणारं साधन ८० सांगतं. फ्रेमवर्कच्या ॲनोटेशनमुळे (कोडवर लावलेल्या खुणेमुळे) डेटाबेसचा व्यवहार, कॅशिंग, परवानगी अशी कामं एका ओळीत येतात आणि त्यांचा कोड दिसतही नाही. उलट बाजूला, नुसत्या गेटर-सेटरनी भरलेला ४०० ओळींचा डेटा क्लास जवळपास निरुपद्रवी असतो.

म्हणून मोजताना या गोष्टी आधी ठरवून लिहून ठेवा:

- आतले आणि निनावी क्लास बाहेरच्या क्लासमध्येच धरा. बग जोडताना आपल्या हातात बहुधा फाइलच असते.
- सी शार्पमध्ये एकच क्लास अनेक फाइलींत विभागलेला असेल तर त्या एकत्र करा. सी प्लस प्लसमध्ये हेडर आणि अंमलबजावणीची फाइल मिळून एक एकक.
- कोऱ्या ओळी आणि टिप्पण्या वगळा. फॉर्मॅटर सगळीकडे सारखा नसेल तर ओळींऐवजी स्टेटमेंट मोजा.
- जनरेट केलेला कोड, टेस्ट, डेटाबेस मायग्रेशन, बाहेरून आणून ठेवलेल्या लायब्ररी पूर्णपणे बाहेर. एकटा जनरेट केलेला पार्सर सगळा आलेख वाकवू शकतो.
- डेटा क्लास वेगळा गट म्हणून ठेवा, वगळू नका.

क्लासच्या पातळीवर झालेलं संशोधन इथे थेट उपयोगी आहे. १९९४ मध्ये चिदंबर आणि केमेरर यांनी क्लाससाठी सहा मापं पक्की केली: मेथडींचं वजन, वारशाची खोली, मुलांची संख्या, कपलिंग (इतर क्लासांशी असलेलं अवलंबन), प्रतिसादसंच (एका संदेशाला उत्तर देताना चालू शकणाऱ्या मेथडी) आणि एकजिनसीपणाचा अभाव. त्यानंतर यांतली अनेक मापं बग सांगतात असे अहवाल आले. २००१ मध्ये एल एमाम आणि सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न विचारला: ही मापं मोठ्या क्लासमध्ये आपोआपच मोठी येतात, मग ती बग सांगतात की फक्त आकार? त्यांनी तपासलेल्या सी प्लस प्लस प्रणालीत आकार धरून हिशेब केल्यावर त्या मापांचं बगशी दिसणारं नातं उरलं नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी 'उत्तम क्लास आकार' हाच विषय घेतला. तीन प्रणाली, सी प्लस प्लस आणि जावा. एखाद्या आकारापर्यंत सगळं ठीक आणि त्यापुढे धोका वाढतो, असा उंबरठा कुठेही सापडला नाही. आकार वाढतो तसा बग असण्याचा संभव सलग वाढत जातो. २०० च्या नियमाविरुद्ध एकच दाखला द्यायचा झाला तर मी हाच देईन.

त्या पहिल्या, २००१ च्या निष्कर्षावर आक्षेपही आले, आणि त्यांत दम आहे. कपलिंग जास्त असल्यामुळे ओळी वाढल्या असतील तर आकार हा घोटाळा करणारा तिसरा घटक राहत नाही, तो कारणाच्या साखळीतली मधली कडी होतो. तेव्हा आकार धरून कपलिंगचा परिणाम काढणं म्हणजे त्या परिणामाचाच एक भाग पुसून टाकणं. व्यवहारात यातून इतकंच घ्या: कोणतंही मेट्रिक्सचं साधन विकत घेण्याआधी 'नुसत्या आकारावर लावलेल्या क्रमापेक्षा हे किती चांगलं?' हा प्रश्न विचारा. हा साधा क्रम हरवणं सोपं नसतं. ऑस्ट्रँड, वेयुकर आणि बेल यांनी २००५ मध्ये दोन मोठ्या प्रणालींवर मांडलेल्या पूर्ण मॉडेलने निवडलेल्या २० टक्के फाइलींत सरासरी ८३ टक्के दोष सापडले. नुसत्या ओळींवर निवड केली तेव्हा ७३ आणि ७४ टक्के.

वाढीचा घातांक, आणि तो वाचताना होणारी चूक

दोषसंख्या आकारासोबत कशी वाढते हे सांगायला सोयीचं रूप असं: दोष = अ × (ओळी)^ब. ब = १ म्हणजे दोष ओळींच्या प्रमाणात; क्लास दुप्पट तर दोष दुप्पट. ब एकापेक्षा कमी असेल तर दोष वाढतात, पण प्रमाणापेक्षा सावकाश. कोरू आणि सहकाऱ्यांनी मोझिलासह काही प्रणालींवर केलेल्या कामात हाच दुसरा प्रकार दिसला. मोठ्या क्लासमध्ये बग जास्त, पण ओळीमागे लहान क्लासमध्ये जास्त. प्रश्नातली दोन विधानं इथे एकत्र नांदतात. यावरून तपासणीबाबत एक उपयोगी गोष्ट निघते: रिव्ह्यूला लागणारा वेळ ओळींवर अवलंबून असेल, तर तेवढ्याच वेळात लहान क्लास वाचून जास्त बग हाती लागू शकतात.

मात्र यावरून 'फोडलं तर काय होईल' हे काढायला जाऊ नका. समजा ब = ०.७ आहे आणि १००० ओळींच्या एका क्लासचे १०० ओळींचे १० क्लास केले. समीकरणात घातलं तर १० × (०.१)^०.७, म्हणजे जवळपास २. बग दुप्पट होतील! याच तर्काने सगळा प्रकल्प एकाच क्लासमध्ये कोंबणं सर्वांत सुरक्षित ठरतं. चूक गणितात नाही. समीकरण वेगवेगळ्या क्लासांची तुलना करतं. एकाच क्लासवर केलेल्या बदलाचा परिणाम ते सांगत नाही. लहान क्लास लहान आहेत ते काही कारणाने: ते जोडणीचे असतात, बाह्य प्रणालीशी बोलणारे असतात, किंवा कडेकडेच्या परिस्थिती हाताळणारे असतात. मोठ्या क्लासचा तुकडा कापला म्हणून तो त्यांच्यासारखा होत नाही.

स्वतःच्या कोडवर हे कसं तपासायचं

दुसऱ्याच्या प्रकल्पातला आकडा उसना घेण्यापेक्षा हे काम दोन-तीन दिवसांत होतं.

पहिलं म्हणजे वेळ. एखाद्या रिलीजच्या टॅगवर, म्हणजे त्या रिलीजच्या वेळच्या कोडवर, प्रत्येक क्लासचा आकार मोजा आणि त्यानंतरच्या सहा महिन्यांतले बग त्याला जोडा. आकार शेवटी मोजू नका. बग दुरुस्त करताना ओळी वाढतात. शेवटी मोजलं तर बगमुळे वाढलेला आकारच बगचं कारण म्हणून समोर येतो.

मग बग आणि फाइली जोडा. गिटमधल्या (कोडच्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) कमिट संदेशातला, म्हणजे प्रत्येक बदलासोबतच्या टिपेतला, बग ट्रॅकरचा तिकीट क्रमांक घ्या, ते तिकीट बग प्रकारचं आहे का पाहा, आणि त्या कमिटने बदललेले क्लास नोंदवा. इथे आकडेवारी सर्वांत जास्त बिघडते. हर्झिग, युस्ट आणि झेलर यांनी २०१३ मध्ये पाच जावा प्रकल्पांतली सात हजारांवर तिकिटं हाताने तपासली: बग म्हणून नोंदवलेल्यांपैकी ३३.८ टक्के तिकिटं बग नव्हतीच, आणि सदोष ठरवलेल्या फाइलींपैकी ३९ टक्के फाइलींत कधी बग नव्हता. म्हणून स्वतःची शंभर तिकिटं यादृच्छिकपणे निवडून दोघांनी स्वतंत्रपणे वाचा. दोघांचं न जुळणारं प्रमाण लिहून ठेवा. फक्त इम्पोर्ट, नाव बदल किंवा मांडणी बदललेल्या फाइली काढून टाका. तीसपेक्षा जास्त फाइलींना हात लावणारे कमिट डोळ्यांनी बघा. त्यांत बहुधा दुरुस्तीसोबत साफसफाईही मिसळलेली असते.

एकच बग सात सबक्लासमध्ये दुरुस्त झाला असेल तर तो सात वेळा मोजायचा की एकदा? दोन्ही आकडे ठेवा. क्लासनिहाय मोजणीत तो सात ठिकाणी येईल, पण 'एका बगमागे किती क्लास बदलले' हा आकडा वेगळा काढा. तो पुढे लागणार आहे. नाव बदललेल्या फाइलींचा इतिहास गिट आपणहून जोडत नाही. लॉग काढताना 'फॉलो' पर्याय द्यावा लागतो, आणि तोही एका वेळी एकाच फाइलला चालतो.

शून्य बगच्या क्लाससह पूर्ण यादी झाली की क्लास आकारानुसार लावून गट पाडा. प्रत्येक गटात एकूण ओळी साधारण सारख्या येतील असं बघा. गटाची घनता काढताना गटातले सगळे बग भागिले गटातल्या सगळ्या ओळी. प्रत्येक क्लासची घनता काढून तिची सरासरी घेऊ नका. त्यात लहान क्लासचा योगायोग पुन्हा आत शिरतो.

पुढे मॉडेल. बगची संख्या हे उत्तर आणि ओळींचा लॉगरिदम हे कारण, असं निगेटिव्ह बायनॉमिअल रिग्रेशन (मोजणीच्या आकड्यांसाठीचं सांख्यिकी मॉडेल) लावा. त्याहून साधं पॉइसाँ मॉडेल बहुधा पुरत नाही, कारण बगच्या आकड्यांत विचरण (विखुरलेपणा) सरासरीपेक्षा बरंच जास्त असतं, आणि मग विश्वासपट्टा, म्हणजे उत्तराची अंदाजी मर्यादा, खोटा अरुंद येतो. लॉगरिदमचा सहगुणक म्हणजेच वरचा ब. त्याच्या ९५ टक्के विश्वासपट्ट्यात १ येत असेल तर तुमच्या प्रकल्पात लहान-मोठ्याच्या घनतेत फरक दाखवता येत नाही, आणि उंबरठ्याची चर्चा तिथेच थांबवता येते. लॉगरिदम सुरुवातीलाच ऑफसेट (सहगुणक १ वर बांधलेलं पद) म्हणून घालू नका; तसं केलं की ब = १ हे तुम्ही न तपासताच धरून चालता.

शेवटी मागच्या सहा महिन्यांतले बदल, बदल करणाऱ्या व्यक्तींची संख्या आणि आधीचे बग हे घटक टाकून पुन्हा चालवा. बऱ्याचदा आकाराचा सहगुणक इथे खाली येतो. नागप्पन आणि बॉल यांनी २००५ मध्ये विंडोज सर्व्हर २००३ वर दाखवलं की आकाराच्या तुलनेत किती कोड बदलला हे माप दोषघनता चांगली सांगतं, नुसता बदलाचा आकडा तितका नाही. तीन वर्षं कोणी न हलवलेला १५०० ओळींचा क्लास आणि दर आठवड्याला चौघे हात घालतात तो ६०० ओळींचा क्लास यांत काळजी दुसऱ्याची.

कोणते बग मोजताय हेही स्पष्ट हवं. फेन्टन आणि ओल्सन यांनी २००० मध्ये एका दूरसंचार प्रणालीवर दाखवलं की २० टक्के मॉड्यूलमध्ये रिलीजपूर्व ६० टक्के दोष होते, पण ज्या मॉड्यूलमध्ये रिलीजआधी खूप दोष सापडले त्यांत रिलीजनंतर फार कमी निघाले. कसून तपासलेलं मॉड्यूल आधीच्या आकड्यांत वाईट दिसतं. दोन्ही प्रकारचे बग एकत्र मिसळले तर आलेखाला काहीच अर्थ राहत नाही.

सक्तीचा नियम लावला की काय होतं

६०० ओळींचा क्लास बिल्डमध्ये अडकला की सर्वांत स्वस्त सुटका इनहेरिटन्समध्ये, म्हणजे एका क्लासने दुसऱ्याचा वारसा घेण्यात असते. प्रोटेक्टेड (सबक्लासना थेट वापरता येणारी) फील्ड असलेला एक बेस क्लास, त्यावर अमूर्त मधला क्लास, त्यावर खरा क्लास. प्रत्येकी २०० ओळी. मोजणारं साधन समाधानी. आता एक मेथड समजायला तीन फाइली उघड्या लागतात आणि वरच्या फील्डला तिन्हीकडून हात लागतो. दुसरी सुटका म्हणजे 'हेल्पर', 'युटिल', 'मॅनेजर' नावाचे क्लास, ज्यांना मूळ ऑब्जेक्टच पॅरामीटर म्हणून दिला जातो. दोन्ही दिशांनी अवलंबन. कपलिंग वाढलं, ओळी तेवढ्याच.

चेकस्टाइल या जावा कोड तपासणाऱ्या साधनात फाइलची डीफॉल्ट मर्यादा २००० ओळी आणि मेथडची १५० आहे. तुम्ही वेगळे आकडे ठेवा, पण क्लासपेक्षा मेथडच्या मर्यादेबाबत कडक राहणं मला योग्य वाटतं. मेथड वाचताना सगळ्या शाखा आणि स्थानिक चल एकाच वेळी डोक्यात धरावे लागतात. क्लास तुकड्यांनी वाचता येतो.

फोडायचाच असेल तर

क्लासच्या मेथडी उभ्या आणि फील्ड आडव्या लिहून कोणती मेथड कोणत्या फील्डला हात लावते याचा तक्ता करा. लॉगर आणि कॉन्फिगरेशन यांसारखी सगळीकडे लागणारी फील्ड वगळा, नाहीतर सगळं एकाच गटात दिसेल. तक्त्यात दोन-तीन स्वतंत्र पुंजके सुटे पडत असतील तर ते फोडायच्या जागा. मग गिटच्या इतिहासात त्या पुंजक्यांतल्या मेथडी एकाच कमिटमध्ये बदलतात का पाहा. तक्ता सुटं म्हणतो आणि इतिहास एकत्र म्हणतो, असं असेल तर इतिहासाचं ऐका.

फोडण्याआधी सध्याचं वागणं पकडणाऱ्या टेस्ट लिहा, चुकीचं वागणं असलं तरी. पहिल्यांदा न बदलणारे छोटे मूल्य-ऑब्जेक्ट बाहेर काढा. त्यांत धोका सर्वांत कमी. हलवण्याचा कमिट आणि वागणूक बदलण्याचा कमिट कधीही एकत्र करू नका. अवलंबन एकाच दिशेने ठेवा.

कुठे हमखास बिघडतं ते सांगतो.

लॉक: मूळ क्लासमध्ये एकच लॉक (एका वेळी एकालाच डेटा बदलू देणारं कुलूप) 'शिल्लक' आणि 'मर्यादा' या दोन्ही फील्डना सांभाळत होतं. फोडल्यावर दोन क्लास, दोन लॉक. प्रत्येक क्लास एकटा सुरक्षित, पण 'शिल्लक मर्यादेबाहेर जाऊ नये' हा दोघांमधला नियम आता कोणीच सांभाळत नाही. आणि दोन्ही लॉक वेगवेगळ्या क्रमाने घेतले गेले तर डेडलॉक, म्हणजे दोन कामं एकमेकांची वाट पाहत अडकतात. दोन फील्डमध्ये असा नियम असेल तर ती एकाच क्लासमध्ये ठेवा, आकार कितीही होवो.

प्रॉक्सी: स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कमध्ये डेटाबेस व्यवहाराचं ॲनोटेशन डीफॉल्टने प्रॉक्सीतून (क्लासच्या पुढे उभ्या केलेल्या मध्यस्थातून) चालतं. क्लासने स्वतःचीच मेथड बोलावली तर प्रॉक्सी मध्ये येत नाही आणि ॲनोटेशन निष्क्रिय राहतं. तीच मेथड दुसऱ्या बीनमध्ये (स्प्रिंगने सांभाळलेल्या ऑब्जेक्टमध्ये) नेली की ॲनोटेशन जागं होतं. 'नवा व्यवहार सुरू कर' असं त्यात लिहिलेलं असेल, तर आजवर एकत्र मागे घेतलं जाणारं काम आता दोन तुकड्यांत कमिट होतं. कोडची एकही ओळ बदललेली नसते. फक्त जागा बदललेली असते.

सीरियलायझेशन (ऑब्जेक्ट साठवून परत वाचणं): जावात क्लासचा आवृत्ती क्रमांक स्पष्ट लिहिला नसेल तर तो क्लासच्या रचनेवरून काढला जातो. मेथडी आणि फील्ड हलवल्या की तो बदलतो आणि आधी साठवलेली ऑब्जेक्ट वाचताना अपवाद फेकला जातो.

क्रम: मोठ्या क्लासमध्ये 'आधी हे, मग ते' हा क्रम एका मेथडमध्ये समोर दिसत असतो. फोडल्यावर तो बोलावणाऱ्यांच्या हाती जातो, आणि एखादा बोलावणारा तो उलटा करतो.

फोडणी यशस्वी झाली का हे क्लासच्या आकारावर ठरवू नका. वर बाजूला ठेवलेला आकडा इथे काढा: एका बगमागे सरासरी किती क्लास बदलले. आधीच्या सहा महिन्यांत तो १.५ होता आणि फोडल्यानंतर ३ झाला, तर सीमा चुकीच्या जागी पडली आहे; दोन तुकडे परत एकत्र करणं हाही योग्य निर्णय असतो. आकडा तेवढाच राहिला किंवा उतरला, आणि नवे क्लास एकमेकांशिवाय टेस्ट करता येत असतील, तर ते ३०० ओळींचे आहेत की ४५० चे याने फरक पडत नाही.

तुमच्या प्रकल्पासाठी सध्या मी एवढंच लावीन: क्लास ५०० ओळींच्या पुढे गेला किंवा एका रिलीजमध्ये तिसऱ्या हिश्श्याने वाढला, की रिव्ह्यूमध्ये सूचना यावी आणि वरचा फील्ड-मेथड तक्ता बघितला जावा. हे दोन्ही आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, मोजणी झाली की तुमचे घाला. बिल्ड तोडायचं असेल तर ते फक्त नव्या मेथडींच्या लांबीवर तोडा. जुने मोठे क्लास आकारासाठी फोडायला घेऊ नका. बदलांची संख्या गुणिले आकार असा क्रम लावून वरचे दहा घ्या, आणि तेही पुढच्या कामासाठी तिथे हात घालायची वेळ येईल तेव्हाच.